सुतारासाठी खुर्ची नाही

मराठीत खुर्ची हा शब्द बसण्याच्या वस्तूपेक्षा सत्तेसाठीच अधिक खर्ची पडतो. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाची गेली, कोण खुर्चीला चिकटून बसला, यावर चहाचे कप रिकामे होतात. पण ज्या खुर्चीवर बसून आपण ही चर्चा करतो ती बनवणाऱ्यांचा आणि सत्तेच्या खुर्चीचा काही संबंध असतो, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. साखर लॉबी आपल्याला ठाऊक आहे, बिल्डर लॉबी तर शेजारचीच आहे. फर्निचरचीही लॉबी असते, असे म्हटले तर ऐकणारा आधी हसतो. टेबल-खुर्च्यावाल्यांचे दिल्लीत काय काम?

काम असते, आणि भरपूर असते. नव्या घरात येणाऱ्या पलंगावर कर किती, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर कोणता शिक्का हवा, खुर्चीसाठी लागणारा बांबू तोडण्याचा अधिकार कुणाचा, परदेशी दुकानदाराने माल कुणाकडून घ्यायचा, हे सारे सरकारी कागदावर ठरते. आणि कागदावर काय उतरते, ते तो कागद तयार होत असताना तिथे कोण जाऊन बसले होते यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले असे काही निर्णय एकापुढे एक मांडून पाहिले, तर एक गोष्ट लख्ख दिसते. या धंद्यातल्या सगळ्यांना तिथे बसायला काही ना काही मिळाले. मिळाले नाही ते सुताराला.

तसे सरकार आणि फर्निचर यांचे नाते जुने आहे. आपल्या घरांत पूर्वी पाट, चौरंग, फडताळ आणि फार तर एक झोपाळा. टेबल-खुर्ची आली ती कचेरीच्या वाटेने, साहेबाच्या मागोमाग. गोदरेजने १९२३ साली लोखंडी कपाटे बनवायला सुरुवात केली आणि पुढे ‘गोदरेजचे कपाट’ ही मध्यमवर्गीय संसाराची खूणच होऊन बसली. त्याच कंपनीच्या विक्रोळीच्या कारखान्यात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या तयार झाल्या. शाळांची बाके, दवाखान्यांच्या खाटा, कचेऱ्यांची टेबले यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकारच. गिऱ्हाइकाशी बोलल्याशिवाय धंदा होत नाही. तेव्हा सरकारशी बोलणे हे पाप आहे, असे माझे म्हणणे नाही. कोण बोलतो, कोणत्या दाराने जातो आणि ज्याला त्या दाराचा पत्ताच ठाऊक नाही त्याचे काय होते, एवढाच माझा प्रश्न आहे.

पहिले उदाहरण बड्या पाहुण्याचे. जानेवारी २०१२ मध्ये केंद्र सरकारने एकाच ब्रँडच्या किरकोळ विक्रीत शंभर टक्के परदेशी भांडवलाला मुभा दिली. मात्र परदेशी हिस्सा ५१ टक्क्यांवर गेला, तर विकलेल्या मालाच्या किमतीपैकी ३० टक्के माल भारतातले लघुउद्योग, ग्रामोद्योग आणि कारागीर यांच्याकडूनच घ्यायचा, अशी अट होती. लघुउद्योग म्हणजे ज्याची यंत्रसामग्री दहा लाख डॉलरच्या आत आहे असा. स्वीडनच्या आयकिया कंपनीने त्याच वर्षी जूनमध्ये दीडशे कोटी युरोच्या गुंतवणुकीचा प्रस्ताव ठेवला, आणि सोबत या अटीवरची हरकतही. हरकत अगदीच पोकळ नव्हती. आमच्याकडे माल पुरवता पुरवता एखादा लघुउद्योग मोठा झाला, तर त्याला आम्ही सोडून द्यायचे काय, असा कंपनीचा सवाल होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये अट बदलली. माल ‘शक्यतो’ लघु आणि मध्यम उद्योगांकडून, कारागिरांकडून घ्यावा, असे नवे शब्द आले. ३० टक्क्यांची गणतीही विकलेल्या मालाऐवजी खरेदी केलेल्या मालावर होऊ लागली. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये, भारतातून निर्यातीसाठी घेतलेला मालसुद्धा या हिशेबात धरता येईल, अशी आणखी सवलत मिळाली. दरम्यान २०१८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादला पहिले दुकान उघडले आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत, तुर्भ्याला. तिथे हौसेने जाऊन आलेल्यांपैकी मीही एक आहे. दुकान सुरेख आहे. पण ‘च’ जाऊन ‘शक्यतो’ आले, तेव्हा ज्याच्या नावाने ती अट घातली होती त्या कारागिराला कुणी काही विचारले का? त्याला अट आल्याचेही कळले नाही आणि गेल्याचेही.

दुसरे उदाहरण कराचे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाला, तेव्हा फर्निचर २८ टक्क्यांच्या सर्वांत वरच्या टप्प्यात टाकले होते, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या पंक्तीला. खाट ही चैन कशी, असा साधा प्रश्न व्यापारी आणि उत्पादक विचारू लागले. निवेदने गेली, शिष्टमंडळे गेली. १० नोव्हेंबर २०१७ रोजी गुवाहाटीच्या बैठकीत कर परिषदेने १७८ वस्तू २८ टक्क्यांतून खाली आणल्या, त्यांत फर्निचर आणि प्लायवूड १८ टक्क्यांवर आले. निव्वळ बांबू आणि वेताचे फर्निचर त्याच बैठकीत १२ टक्क्यांवर आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते ५ टक्क्यांवर उतरले. दबावगट म्हटले की आपण नाक मुरडतो, पण इथे त्यांच्यामुळे तुमचे-माझे भलेच झाले, हे मान्य केले पाहिजे.

सुताराचे मात्र वेगळेच त्रांगडे झाले. नोंदणीच्या मर्यादेखालचा मिस्त्री तुमच्या घरचे काम करतो तेव्हा त्याच्या मजुरीवर कर नाही. घरगुती गिऱ्हाइकापुरता त्याला फायदाच. पण शाळा, बँक, कंपनी यांना कराचे बिल लागते, कारण भरलेल्या कराची वजावट नोंदणी असलेल्याला बऱ्याचदा मिळते. मिस्त्रीकडे तसे बिल नाही. त्याने प्लायवूड, सनमायका आणि बिजागऱ्यांवर भरलेला कर त्याच्याच गळ्यात राहतो. पूर्वी गावातल्या हायस्कुलाची बाके गावातला सुतार करून देई. आता ती निविदेतून, ट्रकमधून येतात. यात कुणी कट केला असे नाही. नियम करणाऱ्यासमोर सुताराची वही कधी उघडलीच गेली नाही, इतकेच.

तिसरे उदाहरण ताजे आणि थोडे अवघड आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. कामाच्या खुर्च्या, साध्या खुर्च्या आणि स्टुले, टेबले आणि डेस्क, कपाटे, पलंग आणि एकावर एक रचलेले पलंग अशा सहा प्रकारांसाठी भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत. त्यांनुसार माल करा, परवाना घ्या, आयएसआयचा शिक्का मारा, असे त्या आदेशाचे सार. तयारीला एक वर्ष, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांना त्याहून थोडे अधिक. अशा आदेशांच्या मुदती आणि तपशील पुढेमागे होत असतात. माझा मुद्दा त्यामागच्या विचारापुरता आहे.

विचार योग्यच आहे. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी तर त्याचे स्वागतच करावे. ड्रॉवरचे उंच कपाट, त्यात वरचे खण उघडे, आणि तीन वर्षांचे पोर खालच्या खणावर पाय देऊन वर चढते. कपाट पुढे कलंडते. अमेरिकेत अशा अपघातांत मुले दगावली. जून २०१६ मध्ये आयकियाने तिथली सुमारे दोन कोटी नव्वद लाख कपाटे परत घेण्याची घोषणा केली. तोवर तिथे मानक होते, पण ते पाळायचे की नाही हे कारखानदाराच्या मर्जीवर. मुले गमावलेल्या आईबापांनी संघटना बांधली, खासदारांचे उंबरे झिजवले, आणि शेवटी फर्निचर उत्पादकांच्या संघटनेनेही पाठिंबा दिल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये कपाटांच्या स्थैर्याचा ‘स्टर्डी’ नावाचा कायदा झाला. लॉबी म्हणजे फक्त पैसेवाल्यांची, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. (आणि हे वाचून झाल्यावर घरातले उंच कपाट भिंतीला पक्के बसवले आहे ना, तेवढे पाहावे.)

तेव्हा शिक्का हवा. पण शिक्का कुणाला परवडेल, आणि तो नसेल तर कोण बाहेर फेकला जाईल, हा प्रश्न उरतोच. आमच्या घरची कपाटे ज्यांनी केली ते मिस्त्री साठीला टेकले आहेत. वडिलांबरोबर बैलगाडीची चाके केलेला हा माणूस आता मॉड्युलर किचन बसवतो. या आदेशाची बातमी त्यांनी कुठेतरी ऐकली आणि मला विचारले, “काका, हे आयएसआय आम्हाला पण घ्यावं लागणार काय?” मी राजपत्रातला आदेश मिळवला. तो हिंदी आणि इंग्रजीत होता. मला जमेल तसा मराठीत सांगितला. कारखान्यात तयार होऊन दुकानात येणारी खुर्ची एक, आणि गिऱ्हाइकाच्या घरी भिंतीच्या मापाने बांधलेले कपाट दुसरे. यातला दुसरा प्रकार करणाऱ्याने काय समजायचे, हे त्याला समजेल अशा भाषेत लिहिलेला एक साधा पानभर मजकूर मला सापडला नाही. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतले आणि कानावरची पेन्सिल काढत एकच विचारले, “हे ठरवताना त्यात सुतार कोण होता?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मात्र उत्तर शोधताना जे कळले ते सांगण्यासारखे आहे. कायदे आणि नियमांचे मसुदे किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावेत, असे केंद्र सरकारचे २०१४ पासूनचे धोरण आहे. धोरण चांगले, पण मसुदा ठेवायचा तो खात्याच्या संकेतस्थळावर, बहुधा इंग्रजीत. याउलट तांत्रिक नियमांबाबत जागतिक व्यापार संघटनेचा करार सांगतो, की असा नियम करायचा झाला तर इतर सदस्य देशांना आधी कळवा आणि त्यांच्या हरकतींसाठी वेळ द्या. त्यासाठी शिफारस आहे साठ दिवसांची. म्हणजे पहा, चीनमधल्या किंवा व्हिएतनाममधल्या कारखानदाराला आपल्या सरकारमार्फत हरकत घ्यायला रीतसर आमंत्रण आहे. अकोल्याच्या सुताराला पोस्टकार्डसुद्धा नाही! यात परदेशी माणसाचा काहीच दोष नाही. त्याने आपले दार पक्के करून घेतले, आपण आपल्या माणसासाठी चौकटही उभी केली नाही.

कुणी म्हणेल, मग देशी उद्योगाला भरभक्कम संरक्षण द्या म्हणजे झाले. तेवढ्याने भागत नाही, हेही अनुभवाने दिसले आहे. २००३ साली अमेरिकेतल्या काही लाकडी फर्निचर उत्पादकांनी एकत्र येऊन चीनच्या शयनगृहातल्या फर्निचरविरुद्ध तक्रार केली आणि जानेवारी २००५ मध्ये त्यावर अवपुंजन शुल्क, म्हणजे स्वस्तात माल ओतण्यावरचा दंडकर, बसला. त्या वेळच्या ‘बर्ड’ दुरुस्ती नावाच्या तरतुदीमुळे हे शुल्क सरकारी तिजोरीत न राहता तक्रार करणाऱ्या कंपन्यांतच वाटले जाई. कंपन्यांना पैसे मिळाले. काही कारखाने त्यामुळे तगलेही. पण बरेचसे उत्पादन चीनमधून निघाले ते अमेरिकेत न परतता व्हिएतनामला गेले. ती तरतूद २००६ मध्ये रद्द करण्यात आली. ज्यांच्या नावाने गाऱ्हाणे घातले होते त्या जुन्या गावांतल्या कामगारांपैकी पुष्कळांच्या हाती काहीच लागले नाही. मालकाचे म्हणणे तेच कामगाराचे म्हणणे, असे धरून चालले की असे होते. आपल्याकडेही ‘फर्निचर उद्योग’ या दोन शब्दांत कारखानदार, आयातदार, दुकानदार आणि रंधा मारणारा हे चौघे एकत्र कोंबले जातात, आणि बोलतात पहिले तिघे.

आता लहान माणसाचे म्हणणे कधी पोचतच नाही काय? पोचते. त्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांत बसवले होते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो गवताचा प्रकार, पण कायद्याच्या हिशेबाने झाड. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही परवान्याची भानगड. बुरूडकाम करणाऱ्याला काठीकाठीसाठी हात पसरावे लागत, आणि कागद गिरण्यांना मात्र जंगलेच्या जंगले कराराने मिळत. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरवला, तरी वनखाते सहजी मानेना. गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली अडून बसले. ग्रामसभा घेत राहिले, अभ्यास करत राहिले, पत्रे लिहीत राहिले. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. नव्वद वर्षे लागली! आज बांबूचे फर्निचर करू पाहणाऱ्या तरुणाला जो मोकळेपणा मिळतो, त्यात या वाटचालीचाही वाटा आहे.

मेंढ्याला जे जमले ते सुतारांना का जमू नये? कारण उघड आहे. मेंढ्याला गाव होते, ग्रामसभा होती. सुतार एकेकटा आहे. बलुतेदारीत त्याला गावात निदान ठरलेले काम आणि ठरलेला वाटा होता. त्या व्यवस्थेतली गुलामी परत यावी असे कुणी म्हणणार नाही. पण ती गेल्यावर तिच्या जागी दुसरे काहीच उभे राहिले नाही. शहरांत हे काम आता मोठ्या प्रमाणात राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर करतात. ते एका साइटवरून दुसरीकडे जातात, साइटवरच निजतात. संघटना करणार कोण आणि सभा भरवणार कुठे? उसाचा शेतकरी १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरानगरला एकत्र आला, तेव्हा त्याचा आवाज मुंबई-दिल्लीपर्यंत गेला. त्या आवाजाचे पुढे काय झाले ते आपण जाणतोच. पण आवाज निर्माण झाला तो एकत्र आल्यामुळे, हे विसरता येत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असेही नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज. चांगली गोष्ट आहे. पण अवजार देणे आणि जागा देणे यात फरक आहे. आपण कारागिराला लाभार्थी म्हणून रांगेत उभा करतो. सल्ला द्यायला बोलावत नाही. सहा प्रकारच्या फर्निचरची मजबुती ज्यांना हाताने दाबून कळते, त्यांच्याकडे विचारण्यासारखे काही असेल, असे आपल्या मनातच येत नाही.

काय करता येईल? फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. ज्या नियमाचा कारागिराशी संबंध आहे त्याचा मसुदा राज्याच्या भाषेत निघावा आणि जिल्हा उद्योग केंद्रात, आयटीआयत, टिंबर मार्केटच्या फळ्यावर लागावा. मानके ठरवणाऱ्या समित्यांत उद्योगाच्या आणि ग्राहकांच्या प्रतिनिधींबरोबर हाताने काम करणाऱ्यांसाठीही राखीव जागा असावी, आणि बैठकीला गेल्याने बुडालेली त्यांची रोजी भरून मिळावी. चाचणीची यंत्रे एकेकट्याला परवडणारी नाहीत. उल्हासनगरसारख्या फर्निचरच्या बाजारपेठांत ती सामाईक उभी करावीत, म्हणजे शिक्का ही फक्त बड्यांची मिरासदारी राहणार नाही.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. मंत्र्यांना आणि सचिवांना कोणत्या उद्योगाचे कोण, कशासाठी भेटले, याची नोंद लोकांपुढे असावी. अमेरिकेत १९९५ पासून लॉबिंगचा खर्च जाहीर करण्याचा कायदा आहे. त्या कायद्यामुळेच एका बड्या दुकानदार कंपनीने भारताची बाजारपेठ खुली व्हावी म्हणून तिथे केलेला खटाटोप २०१२ च्या अखेरीस उघड झाला आणि आपल्या संसदेत गदारोळ झाला. कागद त्यांचा, गदारोळ आपला. २०१३ मध्ये लोकसभेत लॉबिंगच्या नोंदीसाठी एक खासगी विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. आपल्याकडे लॉबी नाही असे आपण मानतो, म्हणून तिच्यासाठी नियमही नाही. नियम नाही म्हणून ती मागच्या दाराने येते. पुढच्या दाराने येऊ द्या, नाव लिहून येऊ द्या. बडे येतील, येऊ देत. मग त्या वहीत कुणाचे नाव कधीच नसते, तेही दिसेल.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी दिवाळीआधी किंवा लग्नकार्याआधी मिस्त्री येतात. आपण त्यांच्याशी फुटाच्या दरावरून घासाघीस करतो, सूतभर फट राहिली तर बोट दाखवतो. तो आपला हक्कच आहे. पण घासाघीस झाल्यावर त्यांना हेही विचारून पाहा, की या नव्या नियमांबद्दल तुमचे म्हणणे काय. त्यांना म्हणणे असते. चांगले मुद्देसूद असते. ते लिहून खासदाराला पाठवायला एक इयत्ता शिकलेला मुलगा आणि एक पाकीट पुरते. सुतार आपल्या सगळ्यांसाठी खुर्च्या करतो. दिल्लीच्या टेबलाशी त्याच्यासाठी एक खुर्ची ओढून ठेवायला आपला हात लागला, तर ते उपकार नव्हेत, जुनी उधारी फेडणे आहे.